पाण्यापलीकडचा मल्हारी

घरात माठ भरलेला असायचा आणि मुक्ताबाई नवऱ्याला पाणी देत नसे. डॉक्टरांनी ठरवून दिलेला पेला संपला, की बाबासो ओठांवरून जीभ फिरवत माठाकडे बघत बसायचा. कांदा-बटाटा मार्केटात उभा जन्म ज्यानं पाठीवर गोणी वाहिल्या, त्याचे पाय आता सुजून घागरीसारखे झाले होते. अंगठ्यानं दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा.

"अगं, नुसता वला फडका तरी दे तोंडात."

"फडकं पिळून प्याल तुमी. परवा म्या बघितलंय."

बाबासो हसायचा. चोरी पकडली गेली म्हणून हसायचा, आणि हसताना त्याला धाप लागायची.

दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा कोपरखैरण्याहून बस पकडून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात मशीनवर रक्त धुवायला जायचं. तिथं नंबर लावून बसायचं. मशीनवर घेतलं की त्याचा रक्तदाब घसरायचा, डोळे फिरायचे. परत येताना तो मुक्ताबाईच्या खांद्यावर रिकाम्या गोणीसारखा पडलेला असायचा. हाताच्या शिरा टोचून टोचून संपत आल्या होत्या. मुंबईच्या डॉक्टरांनी एकदा बाजूला घेऊन तिला सांगितलं, "बाई, याचं शरीर फार दिवस हे सोसणार नाही. तुमच्या वाशीत एक हॉस्पिटल घरी करायचं डायलिसिस देतं. पोटात नळी बसवतात. त्यातून औषधाचं पाणी आत सोडायचं, चार-पाच तासांनी काढायचं, नवीन भरायचं. तिथं विचारा."

म्हणून ती दोघं वाशीच्या त्या हॉस्पिटलात डॉक्टर आठल्यांच्या केबिनबाहेर बाकावर बसली होती. बाबासो भिंतीला डोकं टेकून झोपला होता. केबिनचं दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे आतलं बोलणं मुक्ताबाईला ऐकू येत होतं.

"एक खोली आहे, नफिसा," डॉक्टर म्हणत होते. "त्यातच मोरी, त्यातच स्वयंपाक. पाणी येतं सकाळी तासभर. ही बाई मार्केटात कांदा निवडते. दिवसभर त्या धुळीत. वाचता येत नाही. कोण करणार दिवसातून चार वेळा?"

"तीच करणार, सर." हा आवाज मऊ होता. नफिसा सिस्टरचा. म्हसळ्याकडची ही मुलगी घरी डायलिसिस करणाऱ्यांना शिकवायचं काम करायची.

मेट्रनबाई म्हणाल्या, "अशा घरातल्या बायका फार देवभोळ्या असतात गं. उपासतापास निघाले की पिशवी विसरतात. आणि मग आपल्या नावानं बोंब."

"तेवढंच नाही," डॉक्टर थोडं थांबून म्हणाले. "गेल्या पावसाळ्यात उरणच्या त्या मुलाला मीच हो म्हटलं होतं. पोटात जंतू गेले. त्याच्या आईच्या तोंडाकडे मला बघता आलं नाही. परत ते नको."

मग नफिसा म्हणाली, "घर बघून येते, सर. मग तुम्ही ठरवा."

"घर बघून काय होणार?"

"आत्ता आपण न बघताच ठरवतोय."

मुक्ताबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. कांद्याच्या सालीनं नखांच्या कडा काळ्या झाल्या होत्या, बोटांना भेगा होत्या. तिनं हात पदराखाली घेतले. तिला राग आला नाही. आतले लोक बोलले त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. उलट, उरणच्या परक्या पोरासाठी ज्याचा आवाज अजून अडखळतो, त्या डॉक्टरबद्दल तिला बरंच वाटलं.

नफिसा सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. डोक्यावर ओढणी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. खोली छोटीच, वर पोटमाळा. एका बाजूला गॅस आणि मोरी. पूर्वेच्या भिंतीला फळीवर देव्हारा. त्यात खंडोबाचा टाक, पितळी वाटीत भंडारा, आणि वर भिंतीला पालीच्या खंडोबाची काचेची तसबीर. मल्हारी घोड्यावर, मिशा वर वळवलेल्या, डोळे मोठे.

शेजारची शकुबाई लगेच दारात येऊन उभी राहिली. "मुक्ते, ह्या कोन?"

"हास्पिटलच्या शिष्टरबाई हायत्या. घर बघाय आल्यात."

"घर बगायला? मंग पोरगी दाखवायची हाय व्हय?"

नफिसा खळखळून हसली. मुक्ताबाईचाही जीव हलका झाला. मग नफिसानं सगळ्या खोलीत नजर फिरवली. मोरीजवळ ओल होती, दारातून रस्त्याची धूळ यायची, गॅसपाशी फोडणीचा धूर. ती हळूहळू चालत देव्हाऱ्याखाली आली आणि थांबली. तिथली फरशी आरशासारखी पुसलेली होती.

"हा कोपरा सगळ्यात स्वच्छ आहे."

"देवाचा हाय त्यो, बाई. आंघुळीबिगर हितं कुनी पाय ठिवत न्हाई."

"मग हाच आपला," नफिसा म्हणाली.

मुक्ताबाईनं चहा टाकला. देऊ की नको, घेईल की नाही, असं तिच्या मनात येत होतं. तोवर नफिसाच म्हणाली, "साखर जरा जास्त टाका हं, मुक्ताताई. आमच्याकडे चहा गोड लागतो."

शिकायला मुक्ताबाई रोज दुपारी हॉस्पिटलात जाऊ लागली. सकाळी मार्केटात कांदा निवडायचा, बाराला उठायचं, पायीच वाशी गाठायची. नफिसानं पहिल्या दिवशी तिची नखं कापली, ब्रशनं बोटं घासली. भेगांत साबण झोंबला तरी मुक्ताबाईनं हात मागं घेतला नाही. लहानपणी आईनं न्हाऊमाखू घातल्यानंतर तिचे हात असे कुणी हातात घेतले नव्हते.

"तोंडाला फडकं बांधायचं, पंखा बंद, दार बंद," नफिसा सांगायची. "साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. स्वच्छ पंचानं पुसायचे. आणि एकदा हात धुतले, की कशाला म्हणजे कशाला शिवायचं नाही. पदराला नाही, केसाला नाही, नाकाला नाही. मगच नळीचं टोपण काढायचं."

"म्हंजी सोवळ्यात करायचं."

नफिसाला ते फार आवडलं. "बरोबर. सोवळ्यात. आमच्यात नमाजाआधी हातपाय धुऊन वुजू करतात, तसं."

एका गोष्टीपाशी मात्र गाडं अडलं. पोटातून निघालेलं पाणी स्वच्छ पाहिजे. गढूळ दिसलं तर आत जंतू शिरले असं समजायचं आणि धावत यायचं. "पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची," नफिसा सवयीनं म्हणाली, "अक्षरं वाचता आली की पाणी चांगलं."

"मला अक्षरं कुटं येत्यात?" मुक्ताबाई म्हणाली. नफिसानं जीभ चावली. जरा विचार करून म्हणाली, "तुमच्या खंडोबाच्या तसबिरीवर धरा. त्याचे डोळे दिसले पाहिजेत."

"डोळं दिसलं पायजेत," मुक्ताबाई म्हणाली.

डॉक्टर आठल्यांनी तिच्याकडून सगळं करून घेतलं. चूक निघाली नाही. ते म्हणाले, "बाई, नळी बसवतो. पण पाणी एकदा जरी गढूळ झालं तर नळी काढून टाकणार. मग परत मुंबईचं मशीन. हट्ट करायचा नाही."

"न्हाई करनार," मुक्ताबाई म्हणाली. मुंबईचं मशीन म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? बाबासोचं शरीर फार दिवस सोसणार नाही, हे वाक्य ती रोज उशाला घेऊन झोपत होती.

माथाडी कामगारांच्या बोर्डाकडून औषधाच्या पाण्याच्या पिशव्या मंजूर झाल्या आणि एका दुपारी टेम्पोभर खोकी गल्लीच्या तोंडाशी आली. गल्ली अरुंद, टेम्पो आत शिरेना. बाबासो दारात उभा राहून नुसता बघत राहिला. टेम्पोतला माल दिसला की त्याचे खांदे आपोआप पुढं झुकायचे. आता एक खोकंही उचलायला बंदी.

तेवढ्यात मार्केटातला नामदेव मुकादम बाबासोची अख्खी टोळी घेऊन आला. दुपारच्या भाकरीच्या सुट्टीत आले होते सगळे. डोक्याला फडकी, पाठीवर कांद्याची लाल साल चिकटलेली. एकापाठोपाठ एक खोकी त्यांनी पोटमाळ्यावर चढवली.

"बाबासो, माल उतरल्याची वाराई कोन देनार रं?" नामदेवनं वरून विचारलं.

"माझ्या चंचीतलं पान खा."

"पानावर माल कवापास्नं उतराय लागला?"

"मंग ऱ्हाऊ दे खाली. पाठीवर घेतो म्या."

"गप बस तितं. लई भारी झालायस."

सगळे हसले. नामदेव खाली उतरला, तेव्हा पिशवी टांगायला उंचावर काहीतरी हवं असं मुक्ताबाई म्हणाली. त्यानं खुंटीवरचा बाबासोचा गोणी ओढायचा लोखंडी आकडा घेतला, घासूनपुसून देव्हाऱ्याशेजारच्या वाशाला पक्का ठोकला. पहिल्या दिवशी पाण्याची पिशवी त्या आकड्याला लटकली, तेव्हा बाबासो आडवा पडून तिच्याकडे बघत म्हणाला, "इतकी वर्सं ह्यो माझ्या हातात व्हता."

नळी बसली, पाणी आतबाहेर होऊ लागलं. पायांची सूज उतरली. चेहऱ्यावरची सूज ओसरली तसा पूर्वीचा बाबासो त्यातून बाहेर आला. डॉक्टरांनी पाण्याचं मापही वाढवलं. तो काठी टेकत मार्केटच्या फाटकापर्यंत जाऊ लागला. टोळीचे डबे राखायचं काम त्यानं आपणहून घेतलं. मुक्ताबाई पहाटे पिशवी बदलून मार्केटात जायची, दुपारी येऊन बदलायची, मग संध्याकाळी आणि रात्री निजताना. संध्याकाळी दिवा लावताना ती हात जोडून एकेकाचं नाव घ्यायची. मल्हारी, नफिसाबाई, आठल्ये डॉक्टर, नामदेवभाऊजी आणि टोळी. मेट्रनबाईंचंही घ्यायची. त्या खवट बोलल्या, पण बसायला बाक त्यांनीच दाखवला होता.

मार्गशीर्ष लागला. खंडोबाचं षड्रात्र बसलं. प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंत मुक्ताबाई दरसाल एक वेळ जेवायची. यंदा देवानं नवरा परत दिला होता, तेव्हा नुसता उपास तिला थोडा वाटला. तिनं मनाशी नेम धरला, या दिवसांत प्रत्येक पिशवी मल्हारीच्या भंडाऱ्यानं सुरू करायची.

ती दार लावायची, तोंडाला फडकं बांधायची, कोपरापर्यंत हात धुवायची. मग वाटीतल्या भंडाऱ्याची चिमूट टाकावर वाहायची. त्यातलीच बाबासोच्या कपाळाला लावायची, थोडी पोटावर नळीच्या कडेनं. मग टोपण काढायची.

"शिष्टरनी सांगितलंय, हात धुतल्यावर कशाला शिवायचं न्हाई," बाबासो एकदा म्हणाला.

"आवं, देवाला शिवल्यावर सोवळं मोडतंय व्हय कुटं? आनि हळदच हाय न्हवं? जखमंवर लावतोच की आपन."

बाबासोलाही ते पटलंच.

चंपाषष्ठीच्या सकाळी वांगी भाजायला लावून तिनं पिशवी बदलली. पोटातलं पाणी उतरलं. नेहमीसारखी तिनं भरलेली पिशवी उचलून तसबिरीवर धरली. घोडा धुक्यात उभा असल्यासारखा दिसला. मल्हारीचे डोळे दिसेनात. तिनं काच पदरानं पुसली, परत धरली. डोळे नव्हतेच.

"आवं, पोटात दुकतंय का तुमच्या?"

बाबासोनं नजर चुकवली. "पहाटेपास्नं वाईच कळ मारतीया. सनासुदीचं कशाला सांगायचं? नैवद्य दाखिव, मंग जाऊ."

मुक्ताबाईनं गॅस बंद केला. वांगी अर्धी कच्ची राहिली. शकुबाईला हाक मारून म्हणाली, "माझा नैवद्य तू दाखिव गं." गढूळ पिशवी कापडात गुंडाळून तिनं छातीशी धरली आणि बाबासोला घेऊन रिक्षात बसली. रस्ताभर ती देवाला काही मागू शकली नाही. डोळे का झाकले असतील त्यानं, एवढंच तिच्या मनात फिरत होतं.

डॉक्टरांनी पिशवी उजेडात धरली. बाबासोला भरती करून घेतलं, पिशवीतून औषध सुरू केलं. मेट्रनबाई म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं?" त्या हळूच म्हणाल्या होत्या, पण मुक्ताबाईनं ऐकलं.

"एक-दोन दिवसांत नळी काढू," डॉक्टर म्हणाले.

नफिसा पुढं झाली. "आधी कशानं झालं ते कळू दे, सर."

मुक्ताबाईकडून त्यांनी रिकाम्या पिशवीवर सगळं करून घेतलं. तिनं हात धुतले, पुसले, कशाला शिवली नाही, टोपण काढलं, लावलं. डॉक्टर बारकाईनं बघत होते. "यात तर काही चूक नाही," ते पुटपुटले.

"इथे नाही," नफिसा म्हणाली. "घरी असेल." आणि ती मुक्ताबाईबरोबर तशीच घरी आली.

बाबासो हॉस्पिटलात, म्हणून नफिसानं अंथरुणावर उशी ठेवली, तिला एक जुनी नळी बांधली. "हेच बाबासोभाऊ समजा. रोज करता तस्सं करा. मी इथे नाहीच असं धरा."

दारातून शकुबाई म्हणाली, "मुक्ते, नवरा लईच गुबगुबीत झाला गं!"

मुक्ताबाईला हसू आलं नाही. तिनं दार लावून घेतलं, फडकं बांधलं, हात धुतले, पुसले. मग देव्हाऱ्याकडे वळून चिमूटभर भंडारा घेतला. टाकावर वाहिला. उशीला लावला, नळीच्या कडेनं लावला. आणि टोपणाला हात घातला.

"थांबा," नफिसा म्हणाली.

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. परक्या धर्माच्या बाईच्या देवाबद्दल आपण काय बोलावं? शेवटी तिनं विचारलं, "हा भंडारा कुठला, मुक्ताताई?"

"पालीचा. जत्रंत देवावर उधळत्यात, त्यो पायरीवरनं गोळा करून आनलेला. लई सताचा."

"पायरीवरून लोक चालत असतील."

"व्हय की. हजारानं."

एवढं बोलून मुक्ताबाई थांबली. बोटांवरच्या पिवळ्या रंगाकडे तिची नजर गेली. नफिसा तिच्याजवळ फरशीवर बसली.

"माझी अम्मी दर्ग्यातली फुलं आणते. मी डोळ्यांना लावते. पण ती हातात घेऊन कुणाची जखम नाही बांधत. फुलांत काही वाईट नाही. ज्या हजार हातांतून ती येतात, त्यांचं सगळं त्यांच्याबरोबर येतं. भंडाऱ्याचंही तसंच. देव चांगलाच आहे, मुक्ताताई. पायरीवर धूळ असते."

"म्हंजी म्या... माझ्या हातानं त्यांच्या पोटात..." मुक्ताबाईनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"निम्मी चूक माझी. तुम्ही सोवळं म्हणालात आणि मी खुशाल हो म्हटलं. सोवळ्यात देवाला शिवलेलं चालतं, हे मला सुचायला हवं होतं." तिनं मुक्ताबाईचे हळदीचे हात आपल्या हातांत घेतले. "नेम मोडू नका. क्रम बदला. आधी देव, मग साबण. पिशवी झाल्यावर कपाळाला हवा तेवढा लावा. वर बसलाय तो थोडा वेळ थांबेल की आपल्यासाठी."

मुक्ताबाई उठली, तिनं हात धुतले, आणि म्हणाली, "चला, शिष्टरबाई. डाक्टरास्नी म्याच सांगते."

"मी सांगितलं असतं नीट शब्दांत."

"नगं. माझ्या हातानं झालं, माझ्या तोंडानं सांगते."

देवभोळ्या बायका असं करतातच, असं मेट्रनबाई म्हणतील, हे तिला दिसत होतं. हे ऐकून डॉक्टर नळी काढतील, हेही दिसत होतं. तरी डॉक्टरांच्या टेबलापुढं उभं राहून तिनं भंडाऱ्याचं सगळं सांगितलं. पदर डोक्यावर घट्ट धरून, मान खाली घालून. मेट्रनबाईंनी निःश्वास सोडला. डॉक्टर लेखणी फिरवत राहिले.

"पाणी गढूळ आहे हे कधी कळलं तुम्हाला?"

"सकाळची पिशवी देवावर धरली तवाच. त्याचं डोळं दिसंनात."

"ताप होता त्यांना?"

"अंग गार व्हतं. पोटात वाईच कळ व्हती, ती बी त्यांनी इचारल्यावर सांगितली."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "ताप चढायच्या आत आणलंय, मेट्रन. उरणच्या मुलाला आणलं तेव्हा..." मग मुक्ताबाईकडे वळले. "आणि झालं ते लपवलं नाहीत. नळी राहू दे. औषधानं पाणी निवळतंय का बघू. निवळलं तर घरी."

मेट्रनबाई उठून गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी मुक्ताबाईपुढं ठेवला. "सकाळपासून उपाशी असशील. षष्ठीचा उपास तरी सोड."

मुक्ताबाईनं दोन्ही हातांनी कप घेतला आणि आधी कपाळाला लावला.

पाणी निवळलं. एकदम नाही. रोज थोडं थोडं, ढवळलेली विहीर बसते तसं. बाबासो घरी आला, तेव्हा शकुबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. नामदेव दारातूनच ओरडला, "टोळीचं डबं कावळं खात्यात, लवकर ये!"

दुसऱ्या दिवशी पहाटे मुक्ताबाई न्हाली. देव्हाऱ्यापुढं बसून टाकावर भंडारा वाहिला, हात जोडले, हळू आवाजात सगळी नावं घेतली. मग म्हणाली, "देवा, आता जरा थांब." दार लावलं, आकड्याला नवी पिशवी टांगली, फडकं बांधलं, भेगांत झोंबेपर्यंत कोपरापर्यंत हात धुतले. ओले हात वर धरून देव्हाऱ्यापुढून गेली, पण त्याला शिवली नाही. स्वच्छ पंचानं हात पुसले, टोपण काढलं. पोटातलं पाणी नळीतून सावकाश उतरलं, नवीन आत गेलं. टोपण लागलं.

तिनं भरलेली पिशवी उचलली आणि तसबिरीवर धरली.

बाबासो कोपरावर उठून बघत होता. "दिसतोय का गं?"

मुक्ताबाईनं पिशवी किंचित हलवली, पुन्हा स्थिर धरली.

"अगं, सांग की."

"दिसतोय. डोळं, मिशा, सगळं दिसतंय."

"कसा बघतोय?"

"तुमच्यागत. माठाकडं."

बाबासो हसला. या वेळी त्याला धाप लागली नाही. मुक्ताबाईनं पिशवी खाली ठेवली, बोटभर भंडारा त्याच्या कपाळाला लावला आणि माठाचं झाकण काढलं. वाढलेल्या मापातला पेला काठोकाठ भरला, आणि त्याच्या हातात दिला.